खडकातली पाणसळ

कर्नाटकात मलप्रभा आणि घटप्रभा यांच्या खोऱ्यांत, सौंदत्तीपासून बागलकोटपर्यंतच्या पट्ट्यात, क्वार्टझाइटचे थर ठिकठिकाणी जमिनीतून तिरपे वर आलेले दिसतात. कुठे उतार हलका असतो, कुठे चढताना हाताचा आधार घ्यावा लागेल इतका तीव्र, तर काही जागी थर जवळजवळ उभेच आहेत. यांपैकी एखाद्या थराची वरची बाजू उघडी पडलेली असेल, तर तिच्यावर पुष्कळदा एकमेकांना समांतर अशा बारीक वरंब्यांची आणि त्यांच्यामधल्या सरींची रांग दिसते. दोन वरंब्यांमधले अंतर काही सेंटिमीटर, उंची त्याहून कितीतरी कमी. ओहोटीनंतर कोकणातल्या कुठल्याही पुळणीवर ओल्या वाळूत जी नक्षी उमटते, तीच ही. फक्त ती वाळू आता पोलादी हातोड्याला दाद देणार नाही इतकी टणक झाली आहे. भूविज्ञानात या नक्षीला तरंगचिन्हे म्हणतात. पाणी हलले आणि त्याखालची वाळू त्याप्रमाणे रचली गेली, एवढे सांगून बहुतेक माहितीपत्रके थांबतात. पण खडक तिरपा असेल तर या चिन्हांचे मोल एकदम वाढते. गवंडी भिंतीवर पाणसळ धरतो आणि भिंत कुठे कलली ते ओळखतो. कललेल्या खडकात ते काम ही चिन्हे करतात. थर कधी काळी सपाट होता, त्याची वर कुठली आणि खाल कुठली, आणि तो कलला तो कधी, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्यांच्या आधाराने देता येतात. कुठल्या मर्यादेत देता येतात, तेही तपासले पाहिजे.

महाराष्ट्राच्या बहुतांश भागात हे दृश्य दिसत नाही, कारण आपल्या पायाखाली दख्खनचा काळा कातळ आहे. तो लाव्हा थिजून झाला, पाण्याखाली गाळ साचून नव्हे. काळ्या कातळाच्या दक्षिण कडेला मात्र खालचे फार जुने गाळाचे खडक उघडे पडतात. कोल्हापूर आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत त्यांचे तुकडे आहेत आणि मुख्य विस्तार उत्तर कर्नाटकात आहे. रॉबर्ट ब्रूस फूट यांनी या खडकांचे पहिले सविस्तर सर्वेक्षण केले आणि कलादगी या गावावरून त्यांना नाव दिले. त्यांचा अहवाल १८७६ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने प्रसिद्ध केला, आणि त्याच्या शीर्षकात या मुलखाचा उल्लेख ‘दक्षिण मराठा देश’ असाच आहे. पल्लावरमला अश्मयुगीन हातकुऱ्हाड ओळखणारे फूट ते हेच. यल्लम्माच्या यात्रेला सौंदत्तीला जाणाऱ्या हजारो मराठी भाविकांना ठाऊक नसेल, पण त्या गावाच्या नावाने एक क्वार्टझाइट जगभरच्या भूवैज्ञानिकांना परिचित आहे. कलादगी खडकांतले खालचे थर शंभर कोटी वर्षांहून जुने आहेत. तेव्हा जमिनीवर झाड नव्हते, पाण्यात मासा नव्हता. वारा, पाणी आणि वाळू मात्र होती, आणि ती आजच्याच नियमांनी वागत होती.

गाळाचे थर साचताना आडवे असतात, ही कल्पना निकोलस स्टेनो या डॅनिश अभ्यासकाने १६६९ साली टस्कनीतल्या डोंगरांवरून मांडली. पाण्यातून खाली बसणारा गाळ खळगे भरत जातो आणि सपाटीकडे झुकतो, तेव्हा तिरपा थर दिसला तर तो नंतर हलवला गेला असला पाहिजे, असा त्याचा युक्तिवाद. तो बहुतेक वेळा खरा ठरतो, पण नियम म्हणून गृहीत धरणे वेगळे आणि समोरच्या विशिष्ट थराबद्दल पुरावा देणे वेगळे. तरंगचिन्हे इथे उपयोगी पडतात. ती कशी घडतात हे प्रयोगशाळेतल्या टाकीत पाहता येते, आणि कोणत्या परिस्थितीत घडू शकत नाहीत हेही.

उथळ पाण्यात लाट वरून जाते तेव्हा तळाशी असलेले पाणी पुढे जाते आणि परत मागे येते. वाळूत एखादा लहानसा उंचवटा असला की पुढे जाणारे पाणी त्याच्या माथ्यावरून सुटते आणि पलीकडच्या बाजूला त्याचा भोवरा फिरू लागतो. हा भोवरा सरीतली वाळू उकरून माथ्याकडे ढकलतो. पाणी उलटे फिरले की तेच दुसऱ्या बाजूने होते. चार्ल्स डार्विन यांचे पुत्र जॉर्ज डार्विन यांनी पाण्यात शाई सोडून हे भोवरे पाहिले आणि १८८३ साली त्यांवर निबंध लिहिला. त्यानंतर या प्रश्नाला खऱ्या चिकाटीने भिडली ती हर्था एअरटन ही इंग्लिश शास्त्रज्ञ. काचेच्या टाक्यांत पाणी हेलकावत तिने एका वरंब्यातून शेजारचा वरंबा कसा जन्मतो ते दाखवले. १९०४ साली तिने लंडनच्या रॉयल सोसायटीसमोर हा निबंध स्वतः वाचला. तिथे आपला निबंध स्वतः वाचणारी ती पहिली स्त्री. विवाहित स्त्री असल्यामुळे दोनच वर्षांपूर्वी त्याच संस्थेने तिला सदस्यत्व नाकारले होते, हे विसरता येत नाही. १९०६ साली त्याच संस्थेने तिला ह्यूज पदक दिले, ते विजेच्या ज्योतीवरच्या आणि वाळूच्या तरंगांवरच्या कामासाठी.

या घडणीचा एक परिणाम आपल्या युक्तिवादासाठी कळीचा आहे. लाटांच्या हेलकाव्याने घडलेल्या वरंब्याचा माथा दोन्ही बाजूंनी वाळू चढवली गेल्याने टोकदार होतो, तर सरी रुंद आणि गोलसर राहते. दोन्ही उतार साधारण सारखे असतात. एका दिशेने वाहणाऱ्या प्रवाहाचे तरंग वेगळे: प्रवाहाकडची बाजू लांब आणि सौम्य, पलीकडची आखूड आणि तीव्र, कारण माथ्यावर आलेले कण पलीकडे घसरतात आणि सुमारे तीस अंशांच्या उतारावर विसावतात. असा तरंग आडवा कापून त्याची कड भिंगाखाली धरली, की आत केसाएवढ्या बारीक पट्ट्या तिरप्या उतरताना दिसतात. खाली त्या हळूहळू वळत तळाला मिळतात. वर मात्र तोडल्यासारख्या संपतात, कारण मागून आलेल्या पुढच्या तरंगाने त्यांचे शेंडे खरवडून नेलेले असतात. तळाशी सावकाश वळण आणि माथ्याशी अचानक छेद ही रचना उलटी होऊ शकत नाही. येणारा प्रवाह आधीच साचलेली वाळूच खरवडू शकतो, अजून न साचलेली नव्हे.

म्हणून टोकदार माथा ज्या बाजूला, ती थराची वर. आणि आतल्या पट्ट्या जिकडे तुटलेल्या, तीही वर. हे वाचून सोपे वाटते, पण ज्या मुलखात थर कललेच नव्हेत तर पूर्ण उलथलेले आहेत, तिथे या खुणेवाचून मोठमोठे भूवैज्ञानिक अडले आहेत. स्कॉटलंडमधल्या बॅलाचुलिश भागाचे उदाहरण प्रसिद्ध आहे. तिथे एडवर्ड बेली यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वर्षानुवर्षे नकाशे काढून प्रचंड आडव्या घड्यांची रचना उलगडली होती. कोणता थर आधीचा आणि कोणता नंतरचा हे मात्र त्यांना घड्यांच्या आकारावरूनच ठरवावे लागले होते. १९२०च्या दशकात कॅनडाचे टँटन आणि नॉर्वेचे फोग्ट यांनी त्याच खडकांत तिरप्या पट्ट्या आणि खालून वर बारीक होत जाणारे कण पाहिले आणि क्रम काही महत्त्वाच्या ठिकाणी उलटा आहे असे दाखवून दिले. बेली यांनी १९३० साली ते छापून मान्य केले. डोंगराएवढ्या घडीबद्दलचा वाद काही सेंटिमीटरच्या खुणेने मिटला. भूविज्ञानात मोठ्या आकारांचा मोह फार असतो, आणि मला वाटते या प्रकरणाची शिकवण अजूनही पुरेशी पचलेली नाही. डोंगराची रेघ दुरून दिसते आणि तिच्यावरून अनेक कहाण्या रचता येतात. वाळूच्या तरंगाला एकच दिशा मान्य असते.

आता आक्षेप. पहिला सरळ आहे: उतारावर तरंग उमटूच शकत नाहीत का? उमटतात. वाळवंटात वाऱ्याचे तरंग टेकाडाच्या तीव्र उतारावरही चढलेले असतात, आणि समुद्रतळही काही काचेसारखा सपाट नसतो. म्हणजे नुसती तरंगचिन्हे दिसली म्हणून थर आडवाच होता असे म्हणणे घाईचे होईल. पण लाटांच्या सममित तरंगांची गोष्ट निराळी. पाण्याखालच्या तीव्र उतारावर कण खालच्या बाजूला ओढले जातात, त्यामुळे वरंबे एका बाजूला झुकतात, आणि उतार वाढला की वाळू धरूनच राहत नाही. सैल वाळूचा ढीग साधारण तेहेतीस-चौतीस अंशांपलीकडे टिकत नाही हे बांधकामाच्या जागेवर कोणीही पाहू शकतो. तेव्हा साठ-सत्तर अंशांच्या किंवा उभ्या थरावर दोन्ही बाजूंनी सारखे तरंग असतील, तर ते त्या अवस्थेत घडलेले असणे अशक्य आहे. दहा-बारा अंशांच्या कलाबाबत मात्र एकट्या तरंगचिन्हाची साक्ष पुरत नाही, हे मान्य केले पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक जाणकाराचा आहे. काही थर साचतानाच तिरपे असतात. नदीच्या मुखाशी त्रिभुज प्रदेशाच्या पुढच्या कडेवर किंवा वाळूच्या टेकडीच्या पडत्या बाजूवर पंचवीस-तीस अंशांचे थर मुळातच बसतात. मग कलादगीचा कल हा तसाच मूळचा कल कशावरून नाही? याचे उत्तर कलाच्या व्याप्तीत आहे. मूळचे तिरपे थर काही मीटर जाडीचे असतात, वर आणि खाली आडव्या थरांच्या मध्ये कोंडलेले असतात. कलादगीच्या खालच्या गटात मात्र वालुकामय थर, चिखलाचे थर आणि चुनखडीसारखे डोलोमाइटचे थर असे सगळेच एकत्र कललेले आणि घड्या पडलेले आहेत. त्या डोलोमाइटमध्ये स्ट्रोमॅटोलाइट आहेत, म्हणजे सूक्ष्मजीवांच्या थरांवर थर चढून तयार झालेल्या रचना. प्रकाशाच्या ओढीने त्या वर वाढतात. थर कलला की त्याही कलतात, आणि त्यांच्या वाढीची दिशा तरंगांच्या माथ्यांच्या दिशेशी जुळते का ते तपासता येते. वाळूची साक्ष आणि जिवांची साक्ष स्वतंत्र आहेत. दोन्ही एकच बाजू वर म्हणून दाखवतात तेव्हा कल नंतरचा आहे यात शंका उरत नाही.

तिसरी अडचण तोतयांची. खडकावरची प्रत्येक समांतर वळी ही तरंगचिन्ह नसते, आणि मराठी वाचकाने हे विशेष लक्षात ठेवावे, कारण आपल्याकडचा तोतया फार देखणा आहे. दख्खनच्या काही लाव्हा-प्रवाहांच्या वरच्या सालीवर दोरखंडाच्या वेटोळ्यांसारख्या वळ्या असतात. आतला लाव्हा वाहता असताना वरची थंड होणारी साय चुरगळली जाते आणि त्या पडतात. पाण्याशी त्यांचा काही संबंध नाही. त्या कमानीसारख्या वाकलेल्या असतात आणि फोडून पाहिले तर आत वाळूचा कण नाही, तिरपी पट्टी नाही. अभ्रकयुक्त रूपांतरित खडकांत दाबामुळे पडलेल्या सूक्ष्म घड्याही अशाच फसवतात, पण त्या थराच्या आरपार जातात. तरंगचिन्हे एकाच पातळीवर असतात आणि त्यांच्या वरंब्यांना जागोजाग फाटे फुटलेले असतात. पुळणीवर वाकून पाहिले तर हे फाटे लगेच ओळखता येतात.

चौथा प्रश्न सामान्य वाचकाचा, आणि मला तो सर्वांत रास्त वाटतो. पुढच्या भरतीला पुसली जाणारी नक्षी शंभर कोटी वर्षे कशी टिकेल? बहुतेक नक्षी टिकत नाहीच. टिकते ती अशी: वाळू रचली गेल्यावर पाणी शांत होते आणि त्यातला बारीक चिखल खाली बसून तरंगांवर पातळ आवरण घालतो. पुढची वाळू या आवरणावर पडते, तरंगात मिसळत नाही. कलादगीच्या काळात तळ उकरणारे किडे किंवा शिंपले नव्हते आणि सूक्ष्मजीवांची चिकट चादर वाळू धरून ठेवत असे, त्यामुळे फार जुन्या खडकांत अशी नक्षी मुबलक सापडते. मग वरच्या गाळाचे ओझे वाढत जाते. चिखल दाबाने खूप आक्रसतो. वाळूचे कण मात्र आधीच एकमेकांना टेकलेले असल्याने फारसे दबत नाहीत, म्हणून वरंबा सपाट होत नाही. पुढे कणांमधून झिरपणारे पाणी सिलिका सोडते, ती कणांवर चढते आणि सगळी वाळू एकसंध होते. डोंगर घडवणारा दाब येतो तो यानंतर, आणि त्यालाही लाखो वर्षे लागतात. तोवर खडक घट्ट झालेला असतो, म्हणून तो नक्षीसकट कलतो. खूप पुढे झीज होऊन वरचे थर गेले की तोच चिखलाचा पापुद्रा कच्चा दुवा ठरतो आणि खडक नेमका तिथे उलगडतो. पापुद्र्याच्या वर बसलेल्या थराच्या खालच्या बाजूवर याच नक्षीचा साचा असतो, आणि त्यात सरी अरुंद आणि फुगवटे रुंद असतात. डोक्यावर लोंबणाऱ्या कड्याखालून पाहताना यावरूनच आपण थराची पोटाकडची बाजू पाहतो आहोत की पाठीकडची, ते कळते.

यावरून एकाच महापुरात हे सारे घडले, या जुन्या समजुतीलाही उत्तर मिळते. वेगाने लोटणाऱ्या पाण्यात चिखल खाली बसत नाही. एकावर एक शेकडो थर, प्रत्येकावर वेगळ्या दिशेची नक्षी आणि मध्ये शांत पाण्यात बसलेला चिखल, असे दिसते तेव्हा पाणी पुन्हा पुन्हा आले आणि पुन्हा पुन्हा स्थिरावले एवढाच अर्थ निघतो.

राहिला प्रश्न कल कधी आला याचा. कलादगी इथे फार भाग्यवान ठरते. बागलकोटच्या कललेल्या आणि घड्या पडलेल्या थरांवर बदामीचे वालुकाश्म जवळजवळ आडवे पसरले आहेत. ज्यांत चालुक्यांनी सहाव्या शतकात लेणी कोरली, तेच हे तांबूस खडक. खालचे थर तिरपे, झिजून कापलेले, आणि त्या कापलेल्या कडांवर वरचे थर आडवे टेकलेले. खालच्या थरांवरची तरंगचिन्हे सांगतात की तेही एकेकाळी आडवे होते. वरचे थर अजून आडवे आहेत. म्हणजे घड्या पडणे, वर उचलले जाणे आणि झिजणे हे सगळे बदामीची पहिली वाळू पडण्याआधी होऊन गेले. यासाठी महागडे यंत्र लागत नाही. एका खडकावरची नक्षी आणि दोन थरांमधला कोन पुरतो. नेमकी वर्षे ठरवायला किरणोत्सारी कालमापन लागते, पण घटनांचा क्रम डोळ्यांनीच ठरतो.

कल उलगडला की आणखी एक गोष्ट हाती येते. थराचा कल मोजून तो कागदावर उलटा फिरवायचा, म्हणजे थर पुन्हा आडवा होतो आणि त्यावरचे वरंबे त्यांच्या मूळ दिशेला येतात. घडीच्या दोन बाजूंवर आज भलत्याच दिशांना वळलेले तरंग असे सपाट केल्यावर एकाच दिशेला लागले, तर घडी नंतर पडली याची ती स्वतंत्र खातरजमा होते आणि प्राचीन पाणी कुठून कुठे वाहत होते याचा नकाशाही मिळतो. लाटांच्या तरंगांमधले अंतर तळाजवळचे पाणी किती मागेपुढे हलत होते यावर अवलंबून असते, म्हणून त्यावरून खोलीचा अंदाज बांधता येतो. मंगळावर क्युरिऑसिटी यानाने २०२२ साली गेल विवरात शोधलेल्या तरंगांवरून हेच केले गेले: वरंब्यांमधले अंतर चार-पाच सेंटिमीटर, उंची सहा मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यावरून निघालेले अनुमान असे की तिथले तळे दोन मीटरहून कमी खोल आणि वर बर्फ नसलेले होते. मात्र खोलीचा अंदाज ही वरखाली ओळखण्याइतकी पक्की गोष्ट नाही. हिमयुगानंतरच्या चुनखडीतल्या मोठ्या तरंगांवरून २००५ साली असामान्य वाऱ्यांचा निष्कर्ष काढला गेला, आणि काही वर्षांतच साध्या लाटांनीही ते घडू शकतात अशी हरकत आली.

अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात मॉरिसन गावाजवळ १९३७ साली रस्ता काढताना दहा कोटी वर्षांपूर्वीच्या किनाऱ्याचे कललेले थर उघडे पडले. त्यांवर तरंगचिन्हांबरोबर डायनोसॉरच्या पावलांचे ठसेही आहेत. तिथे रस्त्यावरून उतार चढत जाणारे ठसे पाहून डायनोसॉर टेकडी चढत होते असे वाटते. शेजारचे तरंग तो समज मोडतात, कारण रॉकी पर्वत उचलले गेले ते ही पावले पडून गेल्यानंतर कोट्यवधी वर्षांनी. ती जागा जशीच्या तशी राखली म्हणून हा तर्क प्रत्येकाला तिथे उभे राहून करता येतो. आपल्याकडे तरंगचिन्हांच्या फरश्या खाणीतून सुट्या निघतात आणि अंगणात किंवा बागेत शोभेसाठी बसवल्या जातात. सुटी फरशी सुंदर असते, तिच्यावरून पाणी लाटांचे होते की प्रवाहाचे हेही सांगता येते. पण ती किती अंशांनी, कोणत्या दिशेला कलली होती आणि तिच्यावर कुठला थर आडवा बसला होता, हे तिला उचलल्या क्षणी कायमचे हरवते. म्हणून कलादगीच्या टेकड्यांतले असे निदान काही थर, कल मोजून आणि नकाशावर नोंदवून, जागेवरच राखले गेले पाहिजेत. कोल्हापूर-सिंधुदुर्गातले तुकडे छोटे आहेत, तेव्हा त्यांची नोंद आधी व्हायला हवी.